जाहिरातीचं खातं त्यांच्या नावावर, पैसे माझे

दोन लाख छप्पन्न हजार रुपये. इतके माझे एका ऑनलाइन जाहिराती करणाऱ्या एजन्सीने खाल्ले. आकडा उघड लिहितेय, कारण फसलेली माणसं लाजेपोटी आकडा लपवतात आणि या लोकांचं त्यामुळेच फावतं. करार करताना 'सेटअप'चे १८,५००, मग पाच महिने दरमहा ४२,०००, आणि मध्येच 'बॅकलिंक पॅकेज' म्हणजे दुसऱ्या साइटवरून माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंकांसाठी २७,५००. महिन्याच्या ४२,००० पैकी १०,००० त्यांचं मानधन आणि ३२,००० गूगलवरच्या जाहिरातींचा खर्च, असं करारात स्वच्छ छापलेलं होतं. म्हणजे जाहिरातींच्या नावावर १,६०,००० घेतले. त्यातले खरोखर जाहिरातींवर किती लागले, हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि कळणारही नाही. जाहिरातीचं खातं माझ्या नावावर नव्हतंच.

मी मागणीनुसार पडदे शिवून देते, वेबसाइटवरून ऑर्डर घेते. "डोळे झाकून कसे दिलेस पैसे?" असं घरच्यांपासून सगळ्यांनी विचारून झालंय. डोळे झाकून दिले नाहीत. करार दोनदा वाचला. त्यांच्या जुन्या ग्राहकांशी फोनवर बोलले. ते ग्राहक त्यांचेच लोक असतील, असं तेव्हा कुणाच्या मनात येतं? त्यांच्या साइटवर 'गूगल पार्टनर'चा बिल्लाही होता. बिल्ल्याचं चित्र कुणीही डकवू शकतो. थेट गूगलकडून खात्री झाली तरच तो खरा धरा.

ज्या क्षणी उठून जायला हवं होतं, तो क्षण मला रोज आठवतो. दुसऱ्या महिन्यात मी म्हटलं, "मला खात्यात शिरून बघायचंय." पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, "मॅडम, सगळे क्लायंट एकाच खात्यात असतात. तुम्हाला दाखवलं तर दुसऱ्यांचा डेटा दिसेल. तुम्ही रिपोर्ट बघा ना, त्यात सगळं आहे." मला ते पटलं. दुसऱ्याची माहिती उघडी पडू नये हे कोणत्याही सरळ माणसाला पटेल, आणि नेमकं तेच हेरून हे उत्तर तयार ठेवलेलं असतं. खरी गोष्ट अशी की गूगल ॲड्समध्ये एजन्सीसाठी 'मॅनेजर खातं' नावाची सोय आहे. प्रत्येक ग्राहकाचं खातं वेगळं राहतं, एजन्सी त्याच्या दहा आकडी क्रमांकावरून त्याला जोडली जाते आणि मालक वाटेल तेव्हा तिला काढून टाकू शकतो. नुसतं बघण्यापुरता प्रवेश द्यायला तर काहीच अडचण नसते. "खातं दाखवता येत नाही" हे वाक्य ऐकलंत की पुढचा पैसा देऊ नका.

आता त्या रिपोर्टबद्दल. दर महिन्याला रंगीत पीडीएफ यायची. तिसऱ्या पानावर हिरव्या चौकटीत ठळक अक्षरांत 'जाहिरातीचं सरासरी स्थान १.२', म्हणजे जवळजवळ पहिलाच नंबर. तो आकडा बघून मला बरं वाटायचं, त्याच्या भरवशावर मी पुढचे ४२,००० पाठवायची. नंतर कळलं की गूगल ॲड्समधून 'सरासरी स्थान' हा आकडा २०१९ च्या सप्टेंबर अखेरीलाच काढून टाकलाय. फुकटच्या शोध निकालांसाठी गूगलच्या सर्च कन्सोल या वेगळ्या साधनात तो आजही दिसतो, पण पैसे भरून केलेल्या जाहिरातींसाठी नाही. म्हणजे जो रकाना त्या खात्यात अस्तित्वातच नव्हता, तो हे लोक मला दर महिन्याला भरून पाठवत होते! पडदे शिवणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं होतं का? माहीत नसतं म्हणूनच तर आम्ही माणसं लावतो.

फोन वाजत नाही अशी तक्रार केल्यावर अचानक साइटवर गर्दी सुरू झाली. साइटवरच्या भेटी मोजणारं ॲनालिटिक्स उघडून बघितलं तर सगळे पाहुणे पहाटे तीनच्या सुमाराला येणारे, स्क्रीनचं माप सगळ्यांचं एकच, थांबण्याचा वेळ शून्य सेकंद. यंत्रांची भाडोत्री गर्दी होती ती. भेटींचा आकडा कुणी तोंडावर फेकला तर थांबण्याचा वेळ आणि आलेल्या चौकश्या विचारा. सर्च टर्म्सचा अहवालही मागा. 'पडदे कसे धुवावेत' असं शोधणाऱ्याने जाहिरातीवर बोट ठेवलं तरी पैसे कापले जातात, आणि कुठल्या शब्दांवर पैसे गेले ते बरंचसं त्याच अहवालात दिसतं.

बॅकलिंकचे २७,५०० तर नुसते बुडाले नाहीत, वर नुकसान करून गेले. जुगाराच्या साइटवरून माझ्या साइटकडे लिंका. विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत, २०१२ मध्ये गूगलने शोधाच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून तर त्यांच्यावर खास नजर आहे. गूगलवर पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं.

कुणाच्या कुठल्या जाहिराती दाखवल्या गेल्या ते बघायचं गूगलचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर २०२३ पासून सगळ्यांना खुलं आहे. तिथे मी माझ्या साइटचं नाव टाकलं. एकच जाहिरात निघाली, आणि ती शेवटची दिसल्याची तारीख पहिल्याच महिन्यातली.

हे सगळं छापून पोलिसांकडे गेले. "करार आहे ना? मग हा दिवाणी मामला." सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, "ओटीपी दिलात का? खातं हॅक झालं का? नाही? मग पैसे तुम्हीच पाठवलेत." बँकेतही तेच, स्वतः पाठवलेली रक्कम परत येत नाही. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर सेवा धंद्यासाठी घेतलीत, म्हणून तुम्ही ग्राहक ठरत नाही. वकिलाने नोटिशीची फी सांगितली आणि निकालाला किती वर्षं लागतील तेही सांगितलं. प्रत्येक टेबलावर मी तोच कागदांचा गठ्ठा उलगडला आणि एकानेही तिसरं पान वाचलं नाही. भाड्याच्या सर्व्हरांवरून खोटे प्रेक्षक दाखवून मोठ्या कंपन्यांचे ७० लाखांहून जास्त डॉलर खाणाऱ्या अलेक्सांदर झुकोव्हला अमेरिकेच्या कोर्टाने २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. मेथबॉट म्हणून ते प्रकरण गाजलं. खोटे प्रेक्षक मलाही विकले. पण माझ्यामागे वकिलांची फौज नाही, म्हणून माझी फसवणूक ही फसवणूकच धरली जात नाही. याचा मला एजन्सीइतकाच राग आहे.

डोमेन, होस्टिंग, ॲनालिटिक्स, जाहिरात खातं, सगळं स्वतःच्या ईमेलवर उघडा. जाहिरातीचे पैसे थेट गूगलला तुमच्या कार्डावरून जाऊ देत, एजन्सीला फक्त तिचं मानधन. आणि पैसे थांबवण्याआधी त्यांचे सगळे मेसेज उतरवून घ्या. मी थांबवले त्याच संध्याकाळी माझ्या नावाचं त्यांच्या सर्व्हरवरचं पान गायब झालं, ग्रुपमधून मला काढलं आणि फोन लागेनासा झाला.

माझा अर्ज अजून पडून आहे, मी तो सोडणार नाही. 'सरासरी स्थान'वाली हिरवी चौकट तुमच्याही रिपोर्टात असेल तर ती पीडीएफ पुसू नका आणि मला कळवा. एकटीला दिवाणी मामला सांगितला, दहा जणांचा एकत्र अर्ज गेला तर निदान ते पान उघडावं लागेल.