जर्मनीला जाण्यापूर्वी घरबसल्या जर्मन: ‘निकोस वेग’चा परिचय

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा मोफत अभ्यासक्रम खानापूर, निपाणीकडून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या तरुणांनी अवश्य हाती घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ए-१, ए-२ आणि बी-१ अशा, अगदी प्राथमिक ते मध्यम, तीन पातळ्यांत तो विभागलेला आहे. स्पेनहून जर्मनीत आलेल्या आणि येताच बॅग हरवून बसलेल्या निकोची गोष्ट छोट्या चित्रफितींतून उलगडत जाते. त्यामुळे पत्ता विचारण्याची, खोली शोधण्याची वाक्ये प्रसंगासह कानावर पडतात आणि म्हणूनच ती लक्षात राहतात.

समजावणी इंग्रजीतून घेता येते. व्याकरण मात्र आपल्या मुलांना वाटते तितके परके नाही, कारण नामांची तीन लिंगे आणि विभक्तीनुसार बदलणारी रूपे मराठीत आहेतच. शिवाय घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या सीमाभागातल्या मुलांना एका भाषेतून दुसरीत जाण्याची सवय लहानपणापासून असते. तरीही प्रत्येक नाम उपपदासह, म्हणजे त्याचे लिंग दाखवणाऱ्या ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘डास’ या आधीच्या शब्दासह, पाठच करावे लागते, त्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळी वही ठेवावी.

उणीव आहे ती बोलण्याच्या सरावाची. उच्चार चुकला तर तिथल्या तिथे थांबवणारा शिक्षक समोर नसतो, म्हणून सोबत शिकणाऱ्या कोणाशी तरी संवाद मोठ्याने म्हणावेत. व्हिसासाठी प्रमाणपत्र लागत असल्यास परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते; जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटची म्हणजेच मॅक्स म्युलर भवनाची केंद्रे पुणे आणि बंगळूर येथे आहेत, त्यांपैकी बेळगावहून पुणे जवळ पडते.