उन्हाळी हेदर की हिवाळी एरिका: बागेसाठी निवड करण्यापूर्वी

वर्षभर हिरवे राहणारे, फार तर गुडघ्याएवढे वाढणारे आणि फुलांनी गच्च भरून जाणारे झुडूप शोधणाऱ्याला रोपवाटिकेत हेदर या एकाच नावाखाली दोन निराळ्या वनस्पती दाखवल्या जातात. पहिली कॅलुना व्हल्गॅरिस, म्हणजेच उन्हाळी हेदर, आणि दुसरी ऐन हिवाळ्यात फुलणारी एरिका कार्निया. दोन्ही एरिकेसी कुळातल्या आहेत, दोन्ही कडाक्याची थंडी सोसतात आणि कुंड्या शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळत नाही. बहुतेक जण फुलांचा रंग पाहून रोप उचलतात. माझ्या मते रंग हा शेवटचा निकष असायला हवा. आधी माती पाहावी, मग पाणी, आणि त्यानंतर दरवर्षी वेळेवर छाटणी करणे आपल्याला जमणार आहे का, हे स्वतःला विचारावे. पुढे आलेले महिने उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण भागांतले आहेत. जिथे उन्हाळ्याच्या रात्रीही तापलेल्या असतात, तिथे यांपैकी एकही झुडूप फार काळ टिकत नाही.

ओळख पटवण्यासाठी एक डहाळी डोळ्यांजवळ धरून पाहावी. उन्हाळी हेदरची पाने जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, खवल्यांसारखी असतात. ती जोडीजोडीने समोरासमोर येतात आणि चार रांगांत एकमेकांवर इतकी चढलेली असतात, की कोवळी डहाळी गोल न दिसता चौकोनी दिसते. एरिका कार्नियाची पाने मात्र बारीक सुईसारखी असून खोडाभोवती वर्तुळात फुटतात. फुलांतला फरक याहून महत्त्वाचा आहे. उन्हाळी हेदरचा रंग प्रामुख्याने पाकळ्यांचा नसून निदलांचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचा, असतो. ही निदले पाकळ्यांपेक्षा लांब आणि कागदासारखी असल्यामुळे फूल गळून न पडता फांदीवरच वाळून राहते. कार्नियाचे फूल म्हणजे अरुंद तोंडाची लहानशी घंटा असते आणि तिच्या तोंडातून गडद तपकिरी परागकोश बाहेर डोकावतात.

निवडीचा खरा निकाल मातीत लागतो. उन्हाळी हेदरला आम्लधर्मी माती लागते; सामू (pH, म्हणजे आम्लतेचा अंक) ४.५ ते ५.५ च्या दरम्यान असेल तर उत्तम. चुना असलेल्या मातीत तिला लोह घेता येत नाही, शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि झुडूप हळूहळू खंगत जाते. एरिका कार्निया ही आल्प्ससारख्या पर्वतांतली असून तिथे चुनखडीच्या खडकांवरही वाढते, त्यामुळे उदासीन किंवा सौम्य चुनखडीयुक्त मातीत ती निभावून नेते. आपल्या मातीचा ढोबळ अंदाज घ्यायचा असेल तर मूठभर कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर ओतावे. माती फसफसली तर तिच्यात मोकळा चुना आहे आणि उन्हाळी हेदरचा विचार तिथेच सोडून देणे शहाणपणाचे. ती फसफसली नाही, एवढ्यावरून मात्र माती आम्लधर्मी ठरत नाही. त्यासाठी सामू मोजावाच लागतो. गंधक घालून सामू खाली आणता येतो हे खरे असले, तरी चुन्याने भरलेल्या जमिनीत तो उपाय म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे. हट्टच असेल तर चुनाविरहित मातीमिश्रण भरलेला उंच वाफा किंवा मोठी कुंडी हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

पाण्याचेही तसेच. नळाचे पाणी जड असेल तर प्रत्येक शिंपणाबरोबर थोडा चुना मातीत जातो आणि चांगली आम्लधर्मी मातीही काही वर्षांत बिघडते. कुंडीत हे फार लवकर घडते. म्हणून उन्हाळी हेदरसाठी पावसाचे पाणी साठवण्याची सोय असावी. कार्नियाला याचा एवढा त्रास होत नाही. निचऱ्याच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच हळव्या आहेत: पाणी साचले की मुळे कुजवणारा फायटॉफ्थोरा रोग झुडपाला गाठतो. उलट, रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, एकदा पूर्ण कोरडी पडली की वरून कितीही पाणी घातले तरी ते कडेने निघून जाते. लावण्यापूर्वी कुंडी बादलीत बुडवून हुंडीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत तशीच ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

खताचा प्रश्न चटकन मिटतो. हेदरच्या केसासारख्या मुळांत राहणारी बुरशी अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्यातून नत्र मिळवून देते. शेणखत किंवा रासायनिक खताचा मारा केल्यास झुडूप लांबट आणि पोकळ होते. पाइनच्या सालीचे आच्छादन दोघींनाही पुरते.

फुलण्याच्या काळात त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. उन्हाळी हेदर जातीनुसार जुलै-ऑगस्टपासून शरद ऋतूपर्यंत फुलते, तर कार्निया साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात, कधी बर्फातूनही, रंग दाखवते. उन्हाळी हेदर घेणाऱ्याने आणखी एक निवड आधीच करावी. तिच्या काही जातींच्या कळ्या कधीच उमलत नाहीत; म्हणून त्यांचा रंग कडक थंडी पडेपर्यंत टिकतो आणि शरदातल्या कुंड्यांसाठी त्याच जास्त विकल्या जातात. पण न उमललेल्या कळीतून मधमाशीला काहीच मिळत नाही. शोभा महत्त्वाची असेल तर या जाती निःसंशय सरस आहेत, मधमाश्यांसाठी लावायचे असेल तर उमलणारीच जात घ्यावी. हेदरचा मध इतका घट्ट, जेलीसारखा असतो की तो पोळ्यातून यंत्राने फिरवून काढणेही अवघड जाते. पानांच्या रंगातही उन्हाळी हेदर पुढे आहे: ‘रॉबर्ट चॅपमन’सारख्या जातीची उन्हाळ्यातली सोनेरी पाने थंडीत नारिंगी-लाल होतात.

छाटणीत उन्हाळी हेदर अधिक शिस्त मागते. दरवर्षी वसंताच्या सुरुवातीला, नवी फूट येण्याआधी, गेल्या वर्षीच्या फुलोऱ्याच्या जरा खाली कात्री चालवावी लागते. हे एक-दोन वर्षे राहून गेले तर खालून उघडे लाकूड दिसू लागते आणि त्या जुन्या लाकडातून पुन्हा फूट येण्याची फारशी आशा नसते. मग झुडूप बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. कार्निया फुलून गेल्यावर वसंतात वरवर छाटली तरी चालते, आणि न छाटल्यास तिचा आकार फारसा बिघडत नाही. ती उन्हाळ्यातच पुढच्या कळ्या धरते, म्हणून तिला शरदात हात लावू नये. विसराळू माळ्यासाठी कार्नियाच बरी, असे मी निःशंकपणे म्हणेन.

लावणीचे अंतर दोघींसाठी ३० ते ४० सेंटिमीटर पुरे. एकेकटे रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सात रोपे एकत्र लावली तर वाफा खरा भरतो आणि तण दबते. दोघींना ऊन हवे. उन्हाळी हेदर सावलीत विरळ होते आणि कमी फुलते, कार्निया थोडी सावली चालवून घेते. शरदात या दोघींच्या शेजारी मांडलेली एरिका ग्रॅसिलिस ही मूळची दक्षिण आफ्रिकेची असून तिला थंडी सोसत नाही, हे रोप उचलण्यापूर्वी चिठ्ठीवर पाहून घ्यावे. माती चुनखडीची आहे आणि तरीही उन्हाळ्यातच फुले हवी आहेत, अशा कोंडीत सापडलेल्याने एरिका वेगन्स पाहावी. ती थोडा चुना सोसते आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलते.

माती आम्लधर्मी, जागा उन्हाची आणि वसंतात अर्धा दिवस छाटणीला देण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर उन्हाळी हेदरच घ्यावी. तिच्या ऑगस्टमधल्या बहराला कार्नियाकडे उत्तर नाही. तिन्हींपैकी एक जरी डळमळीत असेल तर मी कार्नियाकडे वळेन. मात्र उन्हाळी हेदरचे बी धुळीसारखे बारीक असते आणि सहज पसरते. न्यूझीलंडमधल्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांसाठी मुद्दाम आणलेली ही वनस्पती आज तिथले मोठे तण होऊन बसली आहे. त्यामुळे युरोपबाहेर लागवड करणाऱ्याने रोप घेण्यापूर्वी तिथले नियम पाहावेत. परवानगी नसेल तर मातीची चाचणी करण्याचीही गरज उरत नाही.