म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी: रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

सांधे दुखतात म्हणून कुत्रं क्वचितच केकाटतं. उठायला वेळ लावतं, जिन्यापाशी थबकतं, तोच तो गुडघा चाटत बसतं. आपण म्हणतो, वय झालं. औषध न देणंही फुकट पडत नाही. हालचाल घटली की स्नायू झडतात, वजन वाढतं आणि सांध्यावर आणखी भार येतो.

कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकॉक्सिब या गोळ्या सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायनं शरीरात बनू देत नाहीत. गोम अशी, की जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायलाही प्रोस्टाग्लँडिन्सच लागतात. म्हणून सुरू करण्याआधी रक्त तपासायचं, काही आठवड्यांनी पुन्हा, आणि मग अधूनमधून. उलट्या, जुलाब, डांबरासारखी काळी शी, अन्नावरची वासना जाणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन. स्टेरॉइड चालू असेल तर या गोळ्या नकोतच.

बेडिनव्हेटमॅबचं इंजेक्शन महिन्यातून एकदा. ते वेदना वाढवणारं 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' हे प्रथिन अडवतं. प्रोस्टाग्लँडिन्सच्या वाटेला जात नाही. त्याला युरोपात 2020 मध्ये आणि अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली. मात्र डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र लिहून तोल जाणं, झटके येणं अशा नोंदी आल्याचं कळवलं. प्रत्येक वेळी दोष औषधाचाच होता, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. पण गोळी उद्यापासून बंद करता येते, टोचलेलं औषध अंगात काही आठवडे राहतं. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

त्यामुळे रक्ताचे रिपोर्ट चांगले असतील तर माझा कौल आधी गोळीला. मूत्रपिंड कुरकुरत असेल किंवा गोळी पचतच नसेल, तर इंजेक्शन. पण पूर्वी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचं औषध बहुतेकदा जोडीला देतात. सुरुवातीला कुत्रं पेंगतं. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असू शकतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचा. ट्रामाडॉल या वेदनाशामकावर माझा भरवसा नाही: 2018 च्या एका चाचणीत ते कोपर-गुडघ्याच्या सांधेदुखीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आणि घरच्या डब्यातली आयबुप्रोफेन? अर्धीसुद्धा नको.

काहीही निवडा, पहिल्या डोसाआधी कुत्र्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि महिन्याभराने तसाच दुसरा. फरक पडलाय का, हे डॉक्टरांनाही त्यावरून पटकन कळतं.