रायझोबियमची पुडी: आठ महिने वापरल्यावर

मे महिन्यात पहिली पुडी आणली तेव्हा ही म्हणाली, "साठ रुपये देऊन माती आणलीत?" दिसायला तशीच असते. पाव किलो काळी भुकटी, लिग्नाइट नावाच्या कोळशाची, आणि त्यात चवळी-मूग गटाचे रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) झाडाला देणारे जिवाणू. आमची गच्ची विक्रोळीला, कन्नमवार नगरात. पंधरा-सोळा कुंड्या, बहुतेकींत अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), कारण चार मजले माती चढवणार कोण?

पहिली पुडी वाया गेली. दुकानदाराने ती दारातल्या फळीवर भर उन्हात मांडली होती आणि मीही तारीख न बघता उचलली. मुदतीचे बारा दिवस उरले होते. भुकटीतलं जिवाणू खत साधारण सहा महिने टिकतं, तेही सावलीत, थंड जागी. नियमाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. त्या पुडीत बहुधा नुसती भुकटीच उरली होती. जूनमध्ये चवळी पेरली, जुलैअखेर एक रोप उपटून मुळं धुतली तर चार-पाच गाठी, त्याही पांढऱ्याफटक. विरजणच मेलेलं असेल तर दही लागणार कसं?

दुसरी पुडी ऑगस्टमध्ये, ताज्या तारखेची. ती फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली (यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही). पाण्यात गूळ उकळून पूर्ण गार केला, त्यात भुकटी कालवली, बियांवर साल न निघेल अशा बेताने चोळली, पेपरवर सावलीत सुकवली आणि त्याच संध्याकाळी पेरणी. प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे माझ्या मूठभर चवळीला चिमूट-दोन चिमूट पुरे.

दीड महिन्याने पुन्हा एक रोप काढलं. मुख्य मुळालगत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठींचे घोस. एक नखाने चिरली, आत चक्क लालसर गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. हवेतलं नत्र पकडणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होतं, म्हणून हे द्रव्य प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पुरवतं. गाठ आतून गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी किंवा हिरवट दिसली तर ती कामाची नाही. आणि मुळावरची प्रत्येक गाठ बघून खूश होऊ नका. माझ्या भेंडीच्या मुळांवरही गाठी होत्या, त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक किड्यांच्या, निघाल्या. रायझोबियमची गाठ मुळाला बाहेरून चिकटल्यासारखी असते, बोटाने सुटते. सूत्रकृमीत मूळच सुजतं.

आता खरी गोष्ट. एका कुंडीत गुहागरहून आणलेली माती होती, तिथे पुडी न वापरताही चवळीला बऱ्यापैकी गाठी आल्या. चवळीचे जिवाणू आपल्याकडच्या मातीत मुळातच असतात. तेव्हा ज्यांच्याकडे गावची माती आहे त्यांनी साठ रुपये वाचवले तरी चालतील. कोकोपीटवाल्यांनी मात्र घ्यावी.

दोन कुंड्या मी स्वतः बिघडवल्या. एकीत हौसेने युरिया टाकला. पानं हिरवीगार, गाठी जवळपास नाहीत, कारण आयतं नत्र मिळाल्यावर झाड त्या जिवाणूंना साखर का चारेल? दुसरीचं भोक बुजलं होतं, सप्टेंबरच्या पावसात तीन दिवस पाणी साचलं आणि गाठी काळ्या पडल्या. मेथीवरही हीच भुकटी चोळून पाहिली, एकही गाठ नाही. मेथीचे जिवाणू वेगळे, हरभऱ्याचे आणखी वेगळे. पुडीवर पिकाचं नाव बघूनच घ्या.

टोमॅटो-मिरचीसाठी ॲझोटोबॅक्टर (गाठींशिवाय, मातीत राहून नत्र पकडणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) हेसुद्धा वापरलं. गाठी होत नसल्याने बघायला काही मिळत नाही, आणि वापरलेल्या-न वापरलेल्या कुंड्यांत मला तरी फरक दिसला नाही. पीएसबी आम्लं सोडून मातीत अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा करतात, पण कोकोपीटमध्ये मोकळा करण्याइतका स्फुरद असतो कुठे? शेतात गोष्ट वेगळी असेल. गच्चीपुरतं बोलायचं तर ते पैसे मी शेणखतात घालेन.

रायझोबियमला पाचपैकी चार. एक तारा त्या उन्हातल्या फळीचा कापला. उरलेल्या भुकटीची मुदत फेब्रुवारीअखेर आहे, ती मुलुंडला ताईकडे पाठवतोय. तिच्या कुंड्यांत तर निव्वळ कोकोपीट आहे.