'अली'ची तबकडी: संगीत अस्सल, भोक मात्र सरकलेलं

मालीचा गिटारवादक व्ह्यू फार्का तूरे आणि ह्यूस्टनचा बँड ख्रुआंगबिन यांनी २०२२ साली मिळून 'अली' हा अल्बम केला, ते इथल्या लोकांना सांगायला नको. व्ह्यूच्या वडिलांची, म्हणजे अली फार्का तूरेंची, आठ गाणी. तक्रार आहे ती तबकडीच्या मधल्या भोकाची.

भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं आहे. हसू नका, हिशोब बघा. सरकणं भागिले खाचेची त्रिज्या, तेवढा सूर हलतो. बाहेरच्या कडेला १४५ मिमीवर तो जेमतेम ६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), कानाला लागत नाही. आत ६० मिमीवर मात्र १४ सेंट वर आणि तेवढाच खाली, दर १.८ सेकंदांनी एक हेलकावा. धांगडधिंग्यात हे खपून जातं. मालीचं हे संगीत एकाच स्वराच्या आधारावर मिनिटंच्या मिनिटं थांबतं, त्यावर रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, लांब शेपूट. शेवटचं 'अलाकारा' लावलं की वाटतं, कुणीतरी तानपुऱ्याची खुंटी पिळत बसलंय.

विक्रेत्याचं उत्तर: 'तबकडी वाकलेली नाही, बदलून मिळणार नाही.' वाकलीय असं म्हटलं होतं कुणी? वाकलेल्या तबकडीवर आर्म, म्हणजे सुईचा दांडा, वरखाली होतो, भोक सरकलं की आडवा झुलतो. त्याला पाठवलेल्या व्हिडिओत झोका स्पष्ट दिसत होता. आयातीचे पैसे मोजून हे ऐकायचं!

शेवटी भोक घासायला गोल कानसच घेतली. हेडशेलचा, म्हणजे आर्मच्या सुईकडच्या टोकाचा, पूर्ण झोका मोजायचा, त्याच्या निम्मं म्हणजे सरकणं. आर्म सर्वात बाहेर गेला की प्लॅटर, म्हणजे फिरती थाळी, थांबवायचा. त्या क्षणी भोकाची जी बाजू सुईकडे असेल तीच घासायची आणि तबकडी सुईपासून दूर ढकलायची. लेबलभोवती कागद चिकटवा, नाहीतर भुसा खाचांत जातो. दुसऱ्या बाजूचं माप वेगळं घ्या, कारण दोन्ही बाजूंचे स्टॅम्पर, म्हणजे खाचा उमटवणारे साचे, स्वतंत्र बसवलेले असतात. भोक आता मोठं झालं, म्हणून यापुढे दर वेळी तबकडी नजरेने मध्यावर आणणं आलं, आणि ती जागची हलू नये म्हणून वर दाबून धरणारा क्लॅम्प हवाच.

सूर स्थिर झाल्यावर संगीताबद्दलचं मतही बदललं. आधी हे फार गुळगुळीत वाटायचं. अलींनी अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर वाजवलेल्या १९९४च्या 'दियाराबी'पुढे तर मिळमिळीतच. आता ख्रुआंगबिनची लॉरा ली बासवर किती कमी वाजवते आणि त्या मोकळ्या जागेत व्ह्यूची गिटार कशी बोलते, ते कळतं. बँडचा गिटारवादक मार्क स्पीअर तर मुद्दाम मागे राहिलाय. 'तोंगो बारा'त ठेका जरा चढतो तेवढाच. फोनच्या स्पीकरवर बास गायब होतो आणि उरतं ते निम्मं गाणं.

घेणार असाल तर परतीच्या मुदतीतच तपासा, आणि पहिलं नाही, दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं लावा.