स्टेटमेंट ईमेलवर मागवावं की पोर्टलवर राहू द्यावं?

बँक असो, विमा असो, गुंतवणूक असो, कागदी टपाल बंद करायचा पर्याय निवडला की लगेच दुसरा प्रश्न समोर येतो. दस्तऐवज पासवर्ड लावलेली पीडीएफ म्हणून थेट ईमेलवर हवेत, की ‘आपलं स्टेटमेंट तयार आहे’ एवढी सूचना पुरे आणि बाकी पोर्टलवर लॉगिन करून बघाल? घाईत आपण जे आधीच टिक केलेलं असतं तेच पुढे जाऊ देतो. मी दोन्ही पद्धती बरीच वर्षं वापरल्या आहेत. आता निवडायची मुभा असेल तिथे माझा कल ठरलेला असतो, पण दुसरी बाजू लंगडी आहे असं मी म्हणणार नाही.

उलट, फक्त गोपनीयता पाहिली तर पोर्टल पुढे आहे आणि ते मान्य करायला हवं. पोर्टलवर फाइल जागच्या जागी राहते, तिच्यापर्यंत जायला पासवर्डबरोबर ओटीपी लागतो, चुकीचे प्रयत्न वाढले की खातं कुलूपबंद होतं. ईमेलला जोडलेली पीडीएफ एकदा कुणाच्या हाती लागली की असं काहीच आड येत नाही. तो निवांत बसून हवे तितके पासवर्ड चालवून बघू शकतो. त्यात अनेक संस्था पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठरवून देतात. आठ आकडे दिसायला भक्कम दिसतात, पण शंभर वर्षांत तारखा असतात जेमतेम साडेछत्तीस हजार. संगणकाला हे काम किरकोळ आहे. फाइलला एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन (मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सांकेतिक रचना) असलं तरी दाराची किल्ली इतकी सोपी असेल तर कुलूप किती मजबूत आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

पीडीएफच्या कुलपाचा इतिहासही अगदी निर्मळ नाही. २००८ मध्ये अॅडोबीच्या अॅक्रोबॅट ९ या पीडीएफ सॉफ्टवेअरबरोबर २५६ बिटांचं एन्क्रिप्शन आलं, पण पासवर्ड तपासायची पद्धत आधीपेक्षा हलकी झाली आणि अंदाजाने पासवर्ड शोधणं उलट जलद झालं. ती पद्धत पुढे सुधारली गेली आणि २०१७ च्या पीडीएफ २.० मानकात सुधारित रूपातच आली. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कुलूपबंद पीडीएफमध्ये मधल्या मधे फेरफार करून, खऱ्या मालकाने ती उघडताच आतला मजकूर बाहेर पाठवता येतो. त्यांनी तपासलेल्या, पीडीएफ उघडणाऱ्या २७ सॉफ्टवेअरपैकी प्रत्येक सॉफ्टवेअर कुठल्या ना कुठल्या प्रकारे त्याला बळी पडलं. घरगुती स्टेटमेंटवर कुणी एवढी मेहनत घेईल असं मला वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

एवढं असूनही मी ईमेलकडे वळलो. सुरक्षितता म्हणजे नुसती गोपनीयता नव्हे. माहिती अविकृत राहणं आणि लागेल तेव्हा ती हाताशी असणं, हेही तिचेच भाग आहेत. माझा निर्णय या शेवटच्या मुद्द्यावर झाला.

एका संस्थेतलं खातं मी रीतसर बंद केलं होतं. काही काळाने कराच्या हिशेबासाठी एका जुन्या गुंतवणुकीची खरेदीची तारीख आणि किंमत लागली. लॉगिन खात्याबरोबरच बंद झालेलं. मदत क्रमांकावर सांगितलं, जुन्या स्टेटमेंटसाठी पोर्टलवरून विनंती पाठवा. पोर्टलवर जाता येत नाही म्हणूनच फोन केलाय, हे दोन-तीन जणांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. इनबॉक्समध्ये शोधलं तर त्या संस्थेच्या ईमेल महिन्यामागून महिना ओळीने हजर होत्या. प्रत्येकीत एकच वाक्य, स्टेटमेंट तयार आहे. आकडा एकाही ईमेलमध्ये नाही. शेवटी लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि मग बऱ्याच प्रतीक्षेनंतर कागद हाती आला. त्याच हिशेबातला दुसरा आकडा ज्या संस्थेकडून ईमेलवर पीडीएफ येत होती तिचा होता. नाव टाकून शोधलं, फाइल उघडली, काम झालं. तेही खातं बंदच होतं.

तेव्हापासून मला पोर्टलकडे बघताना एकच गोष्ट दिसते: दस्तऐवज माझा आहे, पण तो किती दिवस ठेवायचा हे दुसरा कुणीतरी ठरवतोय. खातं चालू असलं तरी बऱ्याच ठिकाणी मागची काही वर्षंच दिसतात. संस्था विलीन होतात, सॉफ्टवेअर बदलतं, जुना भाग नव्या जागी येतोच असं नाही. तुम्ही दर महिन्याला आठवणीने डाउनलोड करत असाल तर हा आक्षेप बराचसा निकाली निघतो. पण मग लॉगिन, ओटीपी, तारखांची मर्यादा निवडणं, आणि प्रत्येक फाइलचं नाव तेच असल्यामुळे ते बदलत बसणं, हे सगळं दर खात्यामागे आलं. ईमेल आपणहून येते. माझ्या अनुभवात कामाच्या धबडग्यात टिकून राहते ती आपणहून येणारी गोष्टच.

आणखी एक बारकावा फारसा कुणी बोलत नाही. काही पोर्टलं पीडीएफ साठवून ठेवत नाहीत, मागाल तेव्हा नव्याने तयार करतात. मग जुन्या काळच्या स्टेटमेंटवर आजचा पत्ता छापून येऊ शकतो. ईमेलवर आलेली फाइल त्या दिवशी जशी होती तशीच राहते, आणि तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असेल तर नंतर कुणी हात लावलेला नाही हे पडताळताही येतं. फक्त एक काळजी घ्या. कटकट नको म्हणून पासवर्ड काढून फाइल पुन्हा सेव्ह केली की फाइल नव्याने लिहिली जाते आणि ती स्वाक्षरी तुटते. म्हणून मी मूळ फाइल तशीच ठेवतो आणि पासवर्ड काढलेली प्रत वेगळी ठेवतो, दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर. प्रत लागतेच, कारण वीस वर्षांनी त्या वेळचा पासवर्ड कशावरून बनवला होता हे घरातल्या दुसऱ्या कुणाला कुठून कळणार? दीर्घकाळ जतन करण्यासाठी बनवलेल्या पीडीएफ/ए या मानकात एन्क्रिप्शनला मुळातच परवानगी नाही, तीही याच कारणाने.

बनावट ईमेलचा धोका दोन्हीकडे आहे. तरी ‘इथे क्लिक करून लॉगिन करा’ या सूचनेची सवय लागलेल्या माणसाला फसवणं मला जास्त सोपं वाटतं, कारण फसवणाऱ्याची ईमेलही अगदी तशीच असते. पोर्टल घेतलंच तर ईमेलमधल्या दुव्यावरून कधी जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. पीडीएफच्या बाबतीत माझा नियम सोपा आहे: फाइल नेहमीच्या पासवर्डने उघडली नाही, किंवा उघडल्यावर आणखी कुठे माहिती भरायला सांगू लागली, तर ती खोटी समजायची.

व्यवसायाची कागदपत्रं असतील आणि हिशेबनीस, भागीदार, लेखापरीक्षक अशा अनेकांना ती बघायची असतील, तर मात्र पोर्टलच बरं. कुणाला काय दिसावं हे ठरवता येतं, कुणी कधी काय उघडलं याची नोंद राहते, दुरुस्त केलेलं स्टेटमेंट आलं तर जुनं आणि नवं सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये शेजारी शेजारी पडून घोळ होत नाही. ईमेल खातं घरात दोघं-तिघं वापरत असाल तरीही पोर्टल घ्या.

बाकीच्यांना मी ईमेल सुचवेन, पण थोडी तयारी करून. आर्थिक कागदांसाठी वेगळा पत्ता ठेवा, जो खरेदीला किंवा इतर नोंदणीला कुठेच देऊ नका. त्याला दुहेरी पडताळणी लावा. संस्था पासवर्ड स्वतः ठरवू देत असेल तर जन्मतारखेऐवजी लांब वाक्य द्या आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवून ठेवा. आणि पत्ता बदलायचा झाला तर जुना बंद करण्याआधी सगळ्या संस्थांकडे नवा नोंदवा. ईमेल परत जाऊ लागल्या की काही संस्था मुकाट्याने पाठवणं थांबवतात, आणि महिना कोरा गेल्याचं वर्षाअखेरीस लक्षात येतं.