कुपवाडच्या मोल्डिंग युनिटमध्ये आठ महिने: रबराचा माग ठेवणाऱ्या प्रणालीचा वापरानंतरचा अनुभव

बुश, माउंटिंग, बफर, मॅट असा माल युरोपला पाठवणाऱ्या कारखान्यांना आता ग्राहक एकच गोष्ट विचारतो: यातलं रबर कुठल्या मळ्यात निघालं ते दाखवा. त्यासाठीची एक तयार ट्रेसेबिलिटी प्रणाली, म्हणजे शेडमध्ये मोबाइल अ‍ॅप आणि ऑफिसात संगणकावरचं खातं, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या युनिटमध्ये आठ महिने रोज वापरात आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धर्तीच्या इतर प्रणालींनाही यातलं बहुतेक लागू पडेल. मत आधीच सांगतो: घेण्यासारखी आहे. पण केरळातून नीट माहिती येणार नाही या धास्तीने ती घेतली जाते, आणि हिशोब खरा बिघडतो तो आपल्याच मिक्सिंग शेडमध्ये.

नियमाचं थोडक्यात. युरोपीय संघाचा 2023/1115 हा कायदा म्हणतो की 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून केलेल्या मळ्यातलं रबर तिथे विकता येणार नाही. तारीख दोनदा पुढे गेली. आता मोठ्या आणि मध्यम कंपन्यांना 30 डिसेंबर 2026 आणि सूक्ष्म-लघु कंपन्यांना 30 जून 2027 लागू आहे. इथे बरेच जण फसतात. आपली उद्यम नोंदणी लघु असली म्हणून आपल्याला जून 2027 मिळत नाही. युरोपात माल बाजारात आणणारा आयातदार केवढा, यावर तारीख ठरते. ट्रेसेस या युरोपीय संघाच्या प्रणालीत घोषणापत्रही तोच भरतो. आपण त्याला मळ्यांची फाइल आणि कागद द्यायचे, आणि नोंदी पाच वर्षं काढून दाखवता येतील अशा ठेवायच्या.

प्रणालीत पहिलं काम पार्ट नंबर फॉर्म्युल्याशी जोडण्याचं. ते घाईत उरकू नका. सीमाशुल्काच्या (एचएस) कोडनुसार 4016 खालचा मोल्डेड माल, 4008 च्या शीट, 4010 चे बेल्ट कायद्याच्या यादीत आहेत, 4009 चे होज नाहीत. यादीतला कोड असला तरी माल निव्वळ नायट्रिल किंवा ईपीडीएम या कृत्रिम रबरांचा असेल तर तो नियमाबाहेर, कारण त्यात नैसर्गिक रबर नाही. सीलचं काम जास्त असेल तर बरेच पार्ट इथेच गळतात आणि पुढचा भार हलका होतो. एसबीआर या कृत्रिम रबरात 20 भाग नैसर्गिक मिसळलं असेल तर मात्र पार्ट आत. रिक्लेमबद्दलही (जुन्या मालातून परत काढलेलं रबर) गैरसमज आहे: वस्तू पूर्णपणे वापरून टाकलेल्या मालापासून बनली असेल तरच सुटते, कंपाउंडमध्ये (रबर आणि रसायनांच्या मिश्रणात) थोडं रिक्लेम घातलं म्हणून बाकीचं ताजं रबर सुटत नाही.

आता मळ्यांची माहिती. चार हेक्टरपर्यंतच्या मळ्याला एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्याला पूर्ण हद्द लागते. अक्षांश-रेखांश दशांशानंतर सहा अंकी हवेत. व्यापारी एक्सेल पाठवतो आणि तिथेच घोळ होतो. 9.591500 हा आकडा एक्सेल 9.5915 करून टाकतं, शेवटची शून्यं जातात आणि फाइल परत येते. तो रकाना आधीपासून टेक्स्ट स्वरूपात ठेवायला सांगा. दुसरी चूक अदलाबदलीची. जिओजेसन या नकाशाच्या फाइलमध्ये रेखांश आधी लागतो, अक्षांश नंतर. ते उलटले तर कोट्टायमचा मळा 76 उत्तर, 9 पूर्व असा थेट स्वालबार्डच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतो. ही प्रणाली भारताबाहेर पडलेला बिंदू लाल करते, हा तिचा मोठा गुण. पण व्यापाऱ्याने मळ्याऐवजी स्वतःच्या दुकानात उभं राहून बिंदू घेतला असेल तर तो भारतातच असतो आणि हिरवा दिसतो. वीस शेतकऱ्यांचे बिंदू शंभर फुटांच्या आत आले की समजावं की हे गोदाम आहे.

क्षेत्राचाही ताळा घ्यावा लागतो. केरळात जमीन सेंटमध्ये सांगतात: एकराला 100 सेंट, म्हणजे आपला एक गुंठा अडीच सेंटचा. चार हेक्टर म्हणजे साधारण 988 सेंट. फॉर्ममध्ये एकक चुकलं की सव्वा एकराचा मळा सव्वाशे एकराचा होतो. भारतात हेक्टरी वर्षाला सरासरी 1,400 ते 1,500 किलो रबर निघतं. अर्ध्या हेक्टरच्या मळ्याच्या नावावर वर्षात तीन टन रबराची शीट दिसली तर इतरांचा माल त्याच्या नावावर घातला गेला आहे. प्रणाली हा ताळा आपोआप करते, पण उत्पादनाची मर्यादा आपण भरायची असते. ती रकान्यात मुळात शून्य असते आणि शून्य असताना तपासणी बंदच राहते. आमच्या पहिल्या दोन महिन्यांच्या लॉटना ही चाळणी लागलीच नव्हती, ते सगळे पुन्हा तपासावे लागले.

उपग्रहाच्या नकाशावरून येणारे इशारे डोळे झाकून घेऊ नयेत आणि झाकूही नयेत. जुना रबराचा मळा वरून जंगलासारखाच दिसतो. पंचवीस-तीस वर्षांनी झाडं काढून नवी लावली की नकाशात ती तोड म्हणून उमटते. कायद्याच्या भाषेत रबराचा मळा ही शेती आहे, त्यामुळे पुनर्लागवड ही जंगलतोड नव्हे. पण तिथे 2020 च्या आधीही रबरच होतं हे दाखवावं लागतं: जुनी उपग्रह चित्रं, जमिनीचा कागद, लागवडीची नोंद. असा लॉट प्रणालीत ‘थांबवा’ वर ठेवून कागद जोडता येतात, ही सोय चांगली आहे. दोडामार्गचं रबर आपल्याला जवळ पडतं, म्हणून अनेकांची नजर तिकडे आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात 2013 मध्ये उच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर बंदी घातली होती. तिथला प्रत्येक मळा सातबारा आणि लागवडीचं वर्ष पाहूनच घ्यावा.

भारत कमी जोखमीच्या देशांत आहे, त्यामुळे आयातदाराचं जोखमीचं मूल्यमापन वाचतं. मळ्यांचे बिंदू मात्र द्यावेच लागतात. शिवाय जोखीम ठरते रबर जिथे पिकलं त्या देशावरून. कारखाना कुपवाडला असला तरी मुंबईच्या व्यापाऱ्याकडचा रबराचा ब्लॉक इंडोनेशियाचा असेल तर तो ‘स्टँडर्ड’ जोखमीचा, आणि असा माल आणणाऱ्या एक टक्क्याऐवजी तीन टक्के कंपन्यांची तपासणी होते.

आता शेड. मागाचा आणि बिगरमागाचा माल मिसळून कागदावर टक्केवारीने वाटून घेणं या कायद्यात चालत नाही. दोन्ही वेगळेच ठेवावे लागतात. रबराच्या गाठीवरचा क्यूआर स्टिकर टाल्क पावडरमुळे टिकत नाही, आणि पॉलिथिनवर लावला तर पॉलिथिनबरोबर मिलमध्ये (रबर मळणाऱ्या रुळांत) जातो. म्हणून स्टिकर पॅलेटच्या पेटीवर लावायचा आणि गाठ कापण्याआधी स्कॅन करायचा. मिलवरून निघालेली कंपाउंडची शीट साबणपाण्यातून रॅकवर जाते, तिथे तर कुठलाच चिकट कागद धरत नाही. शीटच्या कोपऱ्याला पंचने भोक पाडून दोऱ्याने बांधलेला जाड पुठ्ठ्याचा टॅग टिकतो. त्यावर बॅच नंबर मार्करने मोठा लिहायचा, क्यूआर असला तरी.

सगळ्यात जास्त गोंधळ रिमिलचा, म्हणजे उरलेला माल पुन्हा मिलमध्ये घालण्याचा. स्कॉर्च न झालेले (उष्णतेने आधीच न पिकलेले) उरलेले तुकडे, कडा, जुन्या बॅचची शिल्लक ऑपरेटर पुढच्या बॅचमध्ये टाकतो. मालाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, मागाच्या दृष्टीने त्या बॅचला आता दोन-तीन लॉटचे मळे चिकटले. प्रणालीत ‘परत घेतलेलं’ अशी नोंद आहे, पण ती तीन पडदे आत दडवलेली, आणि पडदे इंग्रजीत. रात्रपाळीत ती कोणी करत नाही. उपाय साधा निघाला: युरोपच्या मालाचं रिमिल हिरव्या ट्रेमध्ये, बाकीचं लाल ट्रेमध्ये, आणि हिरवा ट्रे फक्त युरोपच्या बॅचमध्ये. नोंद चुकली तरी माल चुकत नाही.

वजनाचा हिशोब मुळातच चुकीचा बसवलेला येतो. फॉर्म्युला एकूण 167 भागांचा आणि त्यात रबर 100 धरा, म्हणजे साठ टक्के. 120 ग्रॅमचे 5,000 नग म्हटले की प्रणाली 600 किलो कंपाउंड आणि 360 किलो रबर दाखवते. नगामागे 15 ग्रॅम फ्लॅश (साच्यातून बाहेर येणारं जादा रबर) आणि तीन टक्के रिजेक्शन धरलं की कंपाउंड 696 किलो आणि रबर 417 किलो लागतं. 35 किलोच्या जवळजवळ बारा गाठी. मधले 57 किलो कुठे गेले, हे ग्राहकाचा ऑडिटर पहिल्या तासात विचारतो. प्रत्येक मोल्डचा फ्लॅश तराजूवर घेऊन भरा.

कंपाउंड बाहेरून घेत असाल तर हे सगळं मिक्सिंगवाल्याकडे व्हायला हवं. तो गाठींचे लॉट नंबर देत नसेल तर युरोपच्या ऑर्डरपुरतं रबर स्वतः विकत घेऊन त्याला जॉबवर द्या आणि शिल्लक मोजून परत घ्या.

वर्गणी महिन्याची आहे आणि मळ्यांच्या तपासणीचे पैसे दर मळ्यामागे वेगळे. शीटचा लॉट काही डझन मळ्यांचा असतो, ब्लॉकचा शेकडो मळ्यांचा, त्यामुळे ब्लॉक वापरणाऱ्याचं बिल लवकर फुगतं. एकदा तपासलेला मळा पुढच्या लॉटला पुन्हा मोजतात का, हे करारात लिहून घ्या. डेमोला बसाल तेव्हा विक्रेत्याची नमुना फाइल घेऊ नका. स्वतःची एक फाइल न्या, ज्यात एक मळा उलट्या अक्षांश-रेखांशाचा, एक हद्द स्वतःलाच छेदणारी आणि एक मळा तिप्पट उत्पादनाचा असेल. तिन्ही चुका अडवल्या तरच पुढे बोला.